एकही टाका नाही

आठ मिलिमीटर, म्हणाल्या डॉक्टर तस्नीम,
आणि सोनोग्राफीच्या काळ्या कागदावर
पेनाच्या टोकानं एक पांढरा ठिपका दाखवला.
एवढंसं? मी म्हणाले.
तुरीची डाळ निवडताना बोटाला लागतो, तसा.
त्यांनी विचारलं, पाणी किती पिता?

आता हे त्यांना कसं सांगू.
परभणी-हिंगोली, व्हाया जिंतूर, औंढा,
पहाटे सव्वापाचची गाडी, नव्वद माणसं,
आणि माझी बाटली भरलेली निघते
ती भरलेलीच घरी येते.
घोट घेतला की जावं लागतं,
जायचं तर किल्ली लागते,
आणि बायकांच्या संडासाची किल्ली
जिंतूरला कंट्रोलरसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये,
ड्रॉवरची त्यांच्या खिशात,
आणि साहेब जेवायला गेलेले.
बारा वर्षं ते जेवायलाच गेलेत.

मे महिना. बोरीच्या अलीकडे तो हलला.
मशीनमधून तिकीट अर्धं बाहेर आलं
आणि मी वाकले ती वाकलेच.
कुशीतून जांघेपर्यंत कुणीतरी
ओला सुंभ पिळत नेत होतं.
कळा यायल्यात का गं बाई? पुढच्या सीटवरची म्हातारी.
दोन बाळंतपणं झालीत मावशी,
त्यात मधे मधे सुट्टी तरी असते.
मुनीरभाईंनी गाडी वळवली, माणसांसकट, परभणीकडं.
कुणी काही बोललं नाही.
एकानं फक्त सुट्टे पैसे मागितले.

कमरेत इंजेक्शन. पाय दुसऱ्या कुणाचे झाले.
कापायचं नाही कुठं, डॉक्टर म्हणाल्या,
लघवी ज्या वाटेनं खाली येते
त्याच वाटेनं आपण वर जायचं.
म्हणजे रिटर्न ट्रिप, मी म्हणाले.
मास्कआड कुणीतरी हसलं.

पडद्यावर दिसली माझीच वाट,
गुलाबी, वळणाची,
मी इतकी वर्षं तहानलेली ठेवली
तरी ओली.
आणि वळणावर तो: पिवळट, काटेरी, गोखरूसारखा,
रस्त्यात बसलेल्या म्हशीच्या ऐटीत.
केसाएवढी तार पुढं सरकली. हिरवा ठिपका.
टकटक, टकटक,
भिंतीपलीकडं सुतार खिळा ठोकतोय तसं.
पाण्यातही धूळ उडते,
हे मी पहिल्यांदा पाहिलं.
चाळीस मिनिटं. तेवढ्यात बोरी येतं.

आत एक निळी नळी ठेवली,
दोन्ही टोकांना वळलेली,
दोडक्याच्या वेलाच्या तणाव्यासारखी.
पंधरा दिवस टोचत राहिली,
तासातासाला सांगत राहिली, ऊठ. जा.
लघवीला कधी लालसर, कधी जळजळ,
पण घरचं दार, घरची कडी.
एवढ्यांदा हक्कानं उठायची
मला सवयच नव्हती.
मग एक दिवस नळीही काढली,
आत काहीच नव्हतं जणू.

डेपोत साहेबांनी अर्ज उलटसुलट केला.
ऑपरेशन म्हणता, टाके किती?
एकही नाही.
मग कसलं ऑपरेशन?
घुलेमामांनी अपेंडिक्सच्या वेळी
शर्ट वर करून सात टाके दाखवले होते,
महिन्याची रजा उभ्या उभ्या सही.
मी काय दाखवू?
पर्समधून डबी काढली, कुंकवाची होती पूर्वी,
टेबलावर ठेवली.
त्यांनी आत बोट लावलं. वाळू?
नाही सर. जिंतूरची किल्ली.

रजा बिनपगारी झाली.
किल्ली अजून ड्रॉवरमध्येच आहे.

काल बोरी सुटल्यावर, भर गाडीत,
अर्धी बाटली प्यायले. सगळे बघत होते,
बघू देत.
औंढ्याच्या अलीकडं लागलीच.
रस्त्याकडेला एक घर, न्हाणीला पत्र्याचं दार,
ओट्यावर शेंगा फोडत बसलेली बाई.
मी दोरी ओढली, एकदाच.
मुनीरभाईंनी आरशात पाहिलं,
इथं कोण उतरायलंय?

कंडक्टर, मी म्हणाले.